वन्संनी स्वतःच केलेली तक्रार

निम्मी वाट सरली, तरी वन्संनी त्या खोक्यावरची नजर काढली नव्हती.

पुढे लाइनमन, त्याच्या खांद्यावर पुठ्ठ्याचं खोकं. त्याच्या मागे दोन पावलांवर वन्सं. त्यांच्या मागे धापा टाकत मी. खोक्यात वन्संच्या घरचा विजेचा मीटर होता. चारही बाजूंनी चिकटपट्टी लावलेली आणि पट्टीवर तीन सह्या: एक लाइनमनची, एक वन्संची आणि एक साक्षीदार म्हणून माझी. प्रत्येक सही अर्धी पट्टीवर, अर्धी पुठ्ठ्यावर. पट्टी जरा कुणी उचकटली तर सही दुभंगलीच पाहिजे. ही युक्ती अर्थात वन्संची.

"बाई, मी हे घेऊन पळून जाणार आहे का?" लाइनमन न वळताच म्हणाला.

"तू नाही रे पळणार. पण उद्या तुझं ऑफिस काहीबाही बोललं, तर मला ठणकावून सांगता आलं पाहिजे, की माझ्या दारापासून तुमच्या टेबलापर्यंत याला कुणी बोट लावलेलं नाही."

"मोटारसायकलवर दहा मिनिटांचं काम होतं हो."

"आणि मी तुझ्या मागे बसणार? त्रेसष्टाव्या वर्षी?"

"तुम्ही गाडी करून यायचं मागून."

"आणि चौकात तू पुढे सटकलास म्हणजे?"

लाइनमनने कपाळावर हात मारायचा म्हणून हात उचलला आणि खोकं कलंडलं. "सांभाळ!" वन्सं एवढ्या जोरात ओरडल्या की टायरच्या दुकानातला माणूस बाहेर येऊन बघायला लागला. त्यानंतर लाइनमन बिचारा कडेवर लेकरू घेतल्यासारखा चालला. ऊन डोक्यावर आलं होतं. पाच किलोमीटर अंतर. मी मनात देवाचं नाव घ्यायला सुरुवात केली होती, पण वन्संच्या पावलांचा वेग असा, की नाम मागे राहायचं आणि मी त्याच्याही मागे.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. लग्न केलं नाही. अडतीस वर्षं एकाच शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून काढली. शिकवणारे दुसरे. काचनळ्या धुणं, तराजू पुसणं, तारा जोडून ठेवणं, फुटलं-तुटलं त्याची नोंद करणं हे वन्संचं. पोरं त्यांना मोजपट्टीबाई म्हणायची. त्यांना ते माहीत होतं. "म्हणू देत, मोजपट्टी सरळ तरी असते," म्हणायच्या. एकदा मुख्याध्यापकांनी बारा सूक्ष्मदर्शक मिळाल्याच्या कागदावर त्यांची सही मागितली. सूक्ष्मदर्शक आलेच नव्हते. वन्संनी अकरा महिने सही केली नाही. त्या अकरा महिन्यांत त्यांची खुर्ची प्रयोगशाळेतून उचलून नेली होती. त्या उभ्याने काम करत राहिल्या. शेवटी सूक्ष्मदर्शक आले, वन्संनी ते मोजले आणि मग सही केली. त्यांच्या पायाच्या शिरा फुगल्या त्या तेव्हापासून.

अशा बाईवर विजेच्या चोरीचा आळ यावा! आणि तोही का, तर तिने खरं सांगितलं म्हणून. मला अजून त्याचा संताप येतो. जे झालं ते सगळं सांगते.

आमच्या इमारतीत वन्सं तळमजल्यावर एका खोलीत राहतात, आम्ही वर. गेल्या वर्षी सगळ्यांचे जुने मीटर काढून नवे बसवले. दोन महिन्यांत वन्संचं बिल खाली आलं. आमचं होतं तिथंच राहिलं. दुसरी कुणी असती तर खूश झाली असती. वन्संना चैन पडेना. रोज सकाळी सात वाजता मीटरचा आकडा वहीत टिपायचा, ही त्यांची सवय. पूर्वी दिवसाला तीन युनिट जायचे, आता दोनसुद्धा भरत नव्हते.

"पंखा तोच, फ्रिज तोच, मी तीच. मग वीज गेली कुठे?"

मी म्हटलं, "वन्सं, देवानं दिलंय तर घ्या की गुपचूप."

"देव मीटर बघायला येतो का गं? त्याला तेवढंच काम आहे?"

मला ते आवडलं नाही. देवाच्या नावाने केलेली थट्टा मला सहन होत नाही. पण खरं तर थट्टा त्यांनी माझी केली होती, देवाची नाही. हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

त्याच संध्याकाळी त्यांनी मला खाली बोलावलं. "मीटर खरा की खोटा हे कळायला ऑफिस लागत नाही. एक बादली, एक रॉड आणि एक घड्याळ लागतं. आणि मोजणारी शहाणी हवी. ती नाही, म्हणून तुला बोलावलं."

आधी त्यांनी घरातलं सगळं बंद केलं. फ्रिजचीही पिन काढली. मग आम्ही मीटरवरचा लाल दिवा बघत बसलो. काहीच चालू नसताना तो दिवा लुकलुकला, तर समजावं की कुठेतरी वीज गळते आहे किंवा कुणीतरी आपल्या तारेवर हात मारतो आहे. दिवा हलला नाही. म्हणजे तारा ठीक होत्या. आता खुद्द मीटरची परीक्षा. मी उत्साहाने वरून इस्त्री घेऊन आले.

"इस्त्री नको. ती तापली की आपणहून बंद होते आणि मनाला येईल तेव्हा चालू होते. तुझ्या नवऱ्यासारखी. तिच्या भरवशावर काय मोजणार?"

पाणी तापवायचा हजार वॅटचा रॉड भरल्या बादलीत सोडला. मीटरवर बारीक अक्षरांत छापलेलं असतं: एका युनिटला दिवा बत्तीसशे वेळा लुकलुकतो. हजार वॅटचा रॉड तासाला एक युनिट खातो. म्हणजे मिनिटाला त्रेपन्न वेळा लुकलुकला पाहिजे. वन्संनी घड्याळ धरलं, मी मोजायला लागले.

"एक, दोन, ती..."

"थांब. पहिल्या चमकीला शून्य म्हण. घड्याळ सुरू झालं तेव्हा काही मोजून झालेलं असतं का? चौथीतल्या पोरासारखं करतेस."

सहा वेळा मोजलं. चौतीस, चौतीस, तेहेतीस, चौतीस, चौतीस, चौतीस. मग तीच बादली आणि तोच रॉड घेऊन आम्ही जिना चढून आमच्या घरी आलो. माझा नवरा पेपरमधून डोकं वर काढून म्हणाला, "ताई, आता आमच्या घरची झडती का?" आमच्याकडे त्रेपन्न, बावन्न, त्रेपन्न.

"विजेचा दाब कमी असता तर दोन्हीकडे कमी आले असते," वन्सं म्हणाल्या. "रॉडचा दोष नाही, तारेचा नाही. माझा मीटर तिनातलं एक युनिट गिळतोय. जरा जास्तच."

दुसऱ्या दिवशी त्यांनी अर्ज लिहिला. "माझ्या घरचा मीटर मंद आहे. कृपया तपासावा. जी वीज मोजली गेली नाही, तिची आकारणी माझ्याकडून करून घ्यावी." सोबत आकड्यांचा तक्ता. मी त्यांच्याबरोबर खिडकीपाशी उभी होते. आतल्या कारकुनाने अर्ज दोनदा वाचला.

"बाई, मीटर जोरात पळतोय असं लिहायचंय का तुम्हाला?"

"नाही. हळू चालतोय."

"मग तक्रार कसली?"

"हळू चालतोय हीच."

त्याने शेजारच्याला कोपर मारलं. दोघे हसले. पण शिक्का मारून प्रत दिली. ती प्रत वन्संनी जपून ठेवली.

तीन महिने कुणी फिरकलं नाही. आणि आलं तेव्हा तपासणी पथक आलं. दोन माणसं, हातात बॅटरी. त्यांनी अर्ज वाचलेला नव्हता. कमी वापर असलेल्या घरांची यादी तेवढी होती त्यांच्याकडे. एकाने मीटरच्या कडेला चिकटवलेल्या कागदावर उजेड पाडला. "सीलवरचा नंबर नाही. घासून काढलाय." झालं. वन्सं आतून अर्जाची प्रत घेऊन येईपर्यंत त्यांनी इमारतीच्या फाटकावर नोटीस चिकटवलीसुद्धा. खोलीचा नंबर ठळक, आणि खाली: "मीटरशी छेडछाड केल्याचा संशय. चौकशी चालू."

नंबर कसा गेला, हे मला त्या क्षणीच कळलं होतं. वन्सं दर सोमवारी मीटर ओल्या फडक्याने पुसायच्या. अडतीस वर्षांची सवय: आकडा घ्यायचा तर उपकरण स्वच्छ हवं. तो कागद सील आहे, हे त्यांना माहीतच नव्हतं. त्यांना वाटलं, दुकानाचं लेबल राहिलंय. प्रत्येक सोमवारी त्या ते थोडं थोडं घासून काढत होत्या. जगात दुसऱ्या कुणाच्या हातून ही चूक झाली नसती, कारण दुसरं कुणी मीटर पुसतच नाही.

नोटीस लागली त्याच्या दुसऱ्या दिवशी समोरच्या खोलीतली बाई वन्संकडे आली. इमारतीतल्या सात घरांच्या जादा किल्ल्या वन्संच्या भिंतीवर टांगलेल्या असायच्या. कुणी गावाला जावो, कुणी दाराबाहेर अडको, किल्ली वन्संकडे. ही बाई म्हणाली, "आमची किल्ली द्या जरा, दुसरी करून घ्यायचीय." दुसरी करायला एवढे दिवस लागतात? आठवड्यात तीन किल्ल्या गेल्या. भिंतीवर तीन खिळे नुसतेच राहिले. वन्सं पोळीचा तुकडा हातात धरून त्या खिळ्यांकडे बघत बसायच्या.

आणि आमचे सेक्रेटरी! जिन्यात चार जणांसमोर म्हणाले, "मोजपट्टीने वीजसुद्धा बेतून घेतली म्हणायची." सगळे खिदळले. मी वरच्या पायरीवर होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण तोंडातून शब्द फुटला नाही. याच माणसाच्या आईला दवाखान्यात पोचवायला वन्सं धावल्या होत्या, हे तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

लोकांना नावं ठेवते, तर माझंही सांगायला हवं. नोटीस वाचली त्या दिवशी एक क्षण माझ्याही मनात आलं: तारा जोडणं हा तर यांच्या हातचा मळ. फक्त एक क्षण. बादलीपाशी बसून मी स्वतः मोजलं होतं, तरीसुद्धा. मी देवाकडे त्याची क्षमा मागितली. वन्संकडे मागायचं धाडस झालं नाही.

वन्संनी पुन्हा अर्ज केला: मीटर माझ्यासमोर काढा, माझ्यासमोर बांधा, माझ्यासमोर तपासा. तो माझा हक्क आहे. म्हणून ही पायपीट.

चाचणीची खोली लांबट होती. भिंतीलगत टेबलं, त्यांवर तारांचे गुंते. चाचणी करणारा चष्मेवाला तंत्रज्ञ आणि खुर्चीत साहेब. वन्संनी आधी तिन्ही सह्या अखंड असल्याचं दोघांना दाखवलं, मगच पट्टी कापू दिली. तंत्रज्ञाने मीटर त्यांच्या प्रमाण मीटरशेजारी जोडला.

"तुमचा हा मीटर शेवटचा कधी तपासला होता?" वन्संनी विचारलं.

साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या. तंत्रज्ञ मात्र खुलला. "नऊ वर्षांत हे विचारणाऱ्या तुम्ही पहिल्या," म्हणत त्याने मागे चिकटवलेली तारीख दाखवली. वन्संनी ती वहीत टिपली.

अर्ध्या तासाने त्याने आकडा वाचला. "उणे पस्तीस पूर्णांक आठ टक्के. मीटर मंद आहे."

वन्संनी आपली वही त्याच्यापुढे सरकवली. तिथे छत्तीस लिहिलं होतं.

"हे कशावर काढलंत?"

"बादलीवर."

मग त्याने झाकण उघडलं. आधी आतली कारखान्याची दोन्ही सीलं भिंगाखाली पाहिली, नंबर ताडून घेतले. दोन्ही शाबूत. आतल्या पट्टीवरचा तिळाएवढा एक तुकडा काळवंडला होता. "साहेब, आत कुणाचाही हात लागलेला नाही. माल तिकडूनच सदोष आलाय."

मी डोळे मिटून देवाचे आभार मानले. ते उघडले तोवर साहेब बोलत होते, "ठीक आहे. पण बाहेरचं कागदी सील? ते कुणी घासलं?"

मी वन्संच्या दंडाला चिमटा काढला. माहीत नाही म्हटलं असतं तरी भागलं असतं.

"मी," वन्सं म्हणाल्या. "दर सोमवारी ओल्या फडक्याने."

"मग तसं लिहून द्या. माझ्याकडून मीटरशी छेडछाड झाली, पुन्हा होणार नाही. आम्ही प्रकरण मिटवून टाकतो."

"छेडछाड नाही. पुसलं."

"अहो, शब्दांत काय ठेवलंय?"

"शब्दांतच ठेवलंय साहेब. तुम्ही माझ्या फाटकावर तोच शब्द डकवलाय." त्यांचा आवाज चिरकला. डोळे काठोकाठ भरले.

साहेबांनी पाण्याचा पेला पुढे केला. "रडू नका आजी."

"रडत नाहीये मी!" वन्संची मूठ टेबलावर आदळली. तंत्रज्ञाची पेन्सिल गडगडत खाली गेली. "चार महिन्यांपूर्वी मी तुम्हाला लिहून दिलं, की माझा मीटर मंद आहे, माझ्याकडून आकारणी करा. हा तुमचा शिक्का. चोर आधी अर्ज करतो का हो? कुणी वाचला हा कागद? वाचता येत नव्हतं, तर शिक्का कशाला मारला?"

साहेबांनी फाइल मागवली. अर्ज तिच्यात होता. तक्ता त्याला उलटा टाचलेला होता, कोरी बाजू वर. कुणी उलटून पाहिलाच नव्हता. मी तेव्हाही बोलले नाही. माझ्या तोंडात देवाचं नाव होतं; त्या वेळी वन्संच्या बाजूने दोन शब्द असायला हवे होते.

वन्संनी कोरा कागद मागून घेतला आणि स्वतःच्या अक्षरात लिहिलं: "कागदी सील मी पुसले, ते सील आहे हे मला माहीत नव्हते. ही माझी चूक. मीटर मंद होता आणि तो मंद आहे हे मी कळवूनही कुणी वाचले नाही. ही तुमची." खाली सही केली. साहेबांनी तो कागद फाइलमध्ये लावला. चाचणीच्या अहवालावर सही करून प्रत दिली.

"नोटीस आजच काढायला सांगतो," ते म्हणाले.

"आणि लोकांना कोण सांगणार?"

"म्हणजे?"

"नोटीस लावलीत तेव्हा सगळ्यांनी वाचली. फाडलीत तर त्यांना काय कळणार? त्यांना वाटेल मी कुणाचे तरी पाय धरले."

"ते आमच्या कामात बसत नाही बाई. नोटीस काढणं एवढंच आमच्याकडे असतं."

आम्ही बाहेर आलो. लाइनमन वन्संच्या घरी बसवायचा नवा मीटर आणायला आत गेला होता. जाताना हळूच म्हणाला होता, "बाई, परत जाताना गाडी करा, मी पैसे देतो. पाय नाही राहिले माझे." वन्सं पायरीवर बसल्या. अहवाल उलगडून त्यांनी वरपासून खालपर्यंत वाचला. दुसऱ्यांदा वाचायला लागल्या तेव्हा ओठ हलत होते, पण मधेच थांबल्या. पुन्हा सुरुवात केली आणि पुन्हा त्याच ओळीवर थांबल्या. कागदावर टपकन एक थेंब पडला. तो त्यांनी रागारागाने पुसला.

"उद्या रविवार," त्या म्हणाल्या. "दहा वाजता सगळे खाली जमतील, पाण्याच्या वेळेवरून भांडायला. तेव्हा हे वाचायचं. आकड्यांसकट सगळं. कागद मी पुसला, तेही सांगायचं."

"वाचा की वन्सं. बसू दे सगळ्यांना चांगली चपराक."

"मी नाही. मला राग आला की डोळ्यांतून पाणी येतं, बघितलंस ना आत? मी वाचायला लागले तर म्हणतील, म्हातारी पस्तावली." त्यांनी कागदाची घडी घातली आणि माझ्या हातावर ठेवली. "तू वाच."

"मी? मी चार माणसांत कधी..."

"माहीत आहे. म्हणून तर. तू बोललीस तर ऐकतील." त्यांनी प्रथमच माझ्याकडे सरळ पाहिलं. "मोठ्याने वाच. सेक्रेटरीच्या तोंडाकडे बघून वाच. आणि मधे कुणी हसलं, तर गप्प बसायचं नाही. परत पहिल्या ओळीपासून सुरुवात करायची. एवढं करशील का माझ्यासाठी?"